पुढच्या अ‍ॅक्सलचे क्रॉस: कोणते घ्यायचे, कसे तपासायचे, कसे बदलायचे

अखंड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड नळीने जोडलेल्या, जीपमध्ये पुढची चाकं दोन कामं एकाच वेळी करतात. ती गाडी वळवतात आणि फोर बाय फोर टाकल्यावर गाडी ओढतातही. म्हणजे डिफरन्शियलकडून (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीकडून) येणारा शाफ्ट चाकाजवळ, स्टिअरिंग नकलच्या (चाक धरून वळवणाऱ्या भागाच्या) आत, कुठेतरी वाकायला हवा आणि वाकलेल्या अवस्थेत फिरायलाही हवा. ती जागा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरतो.

रचना साधी आहे. अधिक चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात सुईसारख्या बारीक रोलरचं नीडल बेअरिंग. दोन कप आतल्या शाफ्टच्या कानांत (टोकाच्या दोन फाट्यांत) बसतात, दोन बाहेरच्या छोट्या शाफ्टच्या. मोटारीसाठीचा असा जॉइंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये पेटंट केला आणि त्याचं आडनाव आजही या भागांच्या डब्यांवर दिसतं.

आधी तुमच्या गाडीत हा क्रॉस आहे का ते बघा

नवखे लोक इथेच गडबडतात. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले जीप रँग्लर आणि चेरोकीसाठी लिहिलेले असतात आणि आपल्याकडे ते थारच्या मालकाला जसेच्या तसे सांगितले जातात.

रँग्लरच्या टीजे (१९९७ ते २००६), जेके (२००७ ते २०१८) आणि आताच्या जेएल या तिन्ही पिढ्यांमध्ये पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि नकलमध्ये उघडा क्रॉस आहे. रँग्लर भारतात अधिकृतपणे २०१६ मध्ये आली आणि २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला तिची जुळणी होते. त्यामुळे हा विषय आता फक्त कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसापुरता राहिलेला नाही. जुनी चौकोनी चेरोकी, म्हणजे एक्सजे, हीसुद्धा याच घराण्यातली. डेना कंपनीचे डेना ३०, डेना ४४ आणि डेना ६० हे अ‍ॅक्सल ज्या गाड्यांत पुढे लागले त्या बहुतेकांत क्रॉसच सापडतो.

थार सीआरडीई आणि २०२० नंतरची थार यांचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, शाफ्टला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे वेग एकसारखा ठेवणारा) जॉइंट आणि त्यावर रबरी बूट आहे. तिथे क्रॉस शोधू नका, बूट फाटलाय का ते बघा. मारुती जिप्सी आणि जिम्नी यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे खरा, पण नकल बंद गोळ्याचा आहे आणि आत गोळ्यांवर चालणारा सीव्ही जॉइंट ग्रीसमध्ये बसलेला असतो.

विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपचं प्रकरण मजेशीर आहे. तिथेही नकल बंद गोळ्याचा, पण आत काय निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजच्या लष्करी पुस्तिकेतच बेंडिक्स, झेपा, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार वेगवेगळे जॉइंट दिलेले आहेत. त्यातला फक्त स्पायसर म्हणजे आपला क्रॉस. अशी जीप तुमच्याकडे असेल तर भाग मागवण्याआधी नकल उघडा. आधीच्या मालकाने कुठल्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवलाय हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र वरच्या बहुतेक गाड्यांना सारखी लागू आहे. प्रोपेलर शाफ्टलाही (गिअरबॉक्सच्या बाजूने अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या लांब शाफ्टलाही) क्रॉस असतात, त्यांना अनेकदा ग्रीस निप्पल असतं आणि ते वेळेवर भरावं लागतं. ते क्रॉस वेगळे, त्यांचे कोन लहान आणि त्यांचं दुखणंही वेगळं. पुढचं सगळं चाकाजवळच्या क्रॉसबद्दल आहे.

तो तुटतो का, हे कळलं की अर्धं काम झालं

क्रॉसचा एक जन्मजात दोष आहे. शाफ्ट वाकलेला असताना आतला भाग एकसारख्या वेगाने फिरला तरी बाहेरचा भाग तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. चाक ३० अंशांत वळलेलं असेल तर हा फरक साधारण १५ टक्के पुढे आणि १३ टक्के मागे असा येतो. कोन ४० अंशांवर नेला तर तो ३० टक्के पुढे आणि २३ टक्के मागे इतका वाढतो. फोर बाय फोर टाकून स्टिअरिंग पूर्ण कापलं की हातात जो धडधड धक्का जाणवतो तो हाच. गाडी बिघडलेली नसते, ते भूमितीचं देणं आहे. सीव्ही जॉइंटमध्ये हा प्रकार नाही, म्हणून त्याला तसं नाव आहे.

कोन वाढला की कानांवरचा ताणही वाढतो. सरळ रेषेत क्रॉस ताकद निमूटपणे पुढे देतो. पूर्ण वळणावर तोच क्रॉस कपांना कानांतून बाहेर ढकलायला बघतो. कप सरकला की त्याचं लॉक (कप जागेवर धरणारी छोटी रिंग) उडतं, लॉक उडालं की कप बाहेर येतो आणि मग पुढच्या अर्ध्या फेऱ्यात कान तरी तुटतो नाही तर क्रॉसचं एखादं टोक.

आता ताकद किती येते ते बघू. आठ गिअरच्या ऑटोमॅटिक जेएल रुबिकॉनमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.७१, लो रेंजचं ४ आणि अ‍ॅक्सलचं ४.१०. गुणाकार ७७.२. कागदावर इंजिनचा टॉर्क तितक्या पटीने चाकांपर्यंत जातो. प्रत्यक्षात तेवढा कधी जात नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणजे क्रॉसवर किती ताण येणार हे इंजिन कमी आणि टायरची पकड जास्त ठरवते. एका चाकावर ६०० किलो भार आहे, कोरडा खरबरीत खडक आहे आणि टायर ३३ इंची आहे असं धरा. टायर घसरायच्या आधी शाफ्टवर साधारण २,५०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. ३७ इंची टायरला तोच आकडा २,७५० च्या आसपास जातो. चढावर एक पुढचं चाक हवेत गेलं आणि त्याचा भार दुसऱ्यावर आला तर तो दुप्पटही होऊ शकतो.

इथे एक गंमत आहे. साध्या, म्हणजे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा) नसलेल्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला ताकदच मिळत नाही. गाडी जागची हलत नाही म्हणून आपण वैतागतो, पण त्या वेळी क्रॉस वाचलेला असतो. पुढचा लॉकर लावला की हे संरक्षण गेलं. सगळी ताकद पकड असलेल्या एकाच चाकाकडे, एकाच क्रॉसमधून जाते. क्रॉस तुटल्याच्या बहुतेक कहाण्यांत पुढचा लॉकर चालू, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, चाक दगडाला टेकलेलं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, हे चार घटक एकत्र असतात. चौथ्यावर तुमचा ताबा आहे.

चिखलात मात्र हिशेब बदलतो. पकड इतकी कमी असते की क्रॉस सहसा ताणाने तुटत नाही. तिथे तो पाण्याने आणि मातीने आतून खाल्ला जातो. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्याला मोठ्या क्रॉसपेक्षा चांगल्या सीलचा क्रॉस जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे.

निवड

पहिला प्रश्न मापाचा. डेना ३० आणि डेना ४४ साठी सगळ्यात ओळखीचा नंबर म्हणजे स्पायसर ५-७६०एक्स. पूर्वीच्या ५-२९७एक्सच्या जागी तो आला. त्याच्या कपाचा व्यास १.१८८ इंच, म्हणजे साधारण ३०.२ मिलिमीटर. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच चेरोकी आणि रँग्लरमध्ये मात्र २६० नावाने ओळखला जाणारा कमी ताकदीचा क्रॉस यायचा. त्या शाफ्टला २९७ किंवा ७६० हवा असेल तर नुसता क्रॉस बदलून भागत नाही, शाफ्टही बदलावे लागतात. डेना ६० चा क्रॉस याहून बराच मोठा आहे, त्याचा नंबर ५-८०६एक्स. जेके आणि जेएलमध्ये मॉडेल आणि अ‍ॅक्सलप्रमाणे नंबर बदलतात, म्हणून गाडीच्या व्हीआयएनवरून (चासी नंबरवरून) नंबर काढा आणि तरीही जुना क्रॉस हातात आल्यावर व्हर्नियर कॅलिपरने कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधलं बाहेरून बाहेरचं अंतर मोजा. सेकंडहँड गाडीत हे न मोजता भाग मागवणं म्हणजे दोनदा कुरिअरचा खर्च.

दुसरा प्रश्न निप्पलचा. क्रॉस दोन प्रकारचे मिळतात, ग्रीस भरता येणारे आणि कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले. आपल्याकडे निप्पल असलेला क्रॉस म्हणजे चांगला, अशी पक्की समजूत आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टबाबत ती बरोबरच आहे. पण ग्रीस चारही टोकांपर्यंत पोचवायला क्रॉसला आतून भोकं पाडावी लागतात आणि निप्पलसाठी आणखी एक. तितकं पोलाद कमी झालं. शिवाय पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये नकलच्या आत शिरून ग्रीस गनचं टोक त्या निप्पलवर बसवणं हे मोठं दिव्य असतं. म्हणून लोक ते भरतच नाहीत आणि मग त्या निप्पलचा उपयोग शून्य. ७६०एक्स बंद प्रकारचा आहे. नवख्याने तोच घ्यावा.

ज्याची गाडी महिन्यातून चारदा ओढ्यात बुडते आणि जो दरवेळी घरी येऊन खरोखर ग्रीस गन हातात घेतो, त्याने निप्पलवाला घ्यायला हरकत नाही. असा माणूस मला क्वचितच भेटतो.

तिसरा प्रश्न किती मजबूत. बाजारात क्रोमोली पोलादाचे शाफ्ट मिळतात, सुयांऐवजी काशाचे बुश असलेले महागडे क्रॉस मिळतात आणि आरसीव्हीसारख्या कंपन्या अख्खा सीव्ही प्रकारचा शाफ्ट देतात. हे सगळं खरंच मजबूत असतं. पण क्रॉस हा पुढच्या अ‍ॅक्सलचा फ्यूज आहे. तो कमकुवत ठेवला तर सतत उडेल हे खरं, पण तो अभेद्य केला तर ताण पुढच्या कमकुवत जागी जातो. ती जागा म्हणजे शाफ्टच्या स्प्लाइन, डिफरन्शियलचे गिअर किंवा क्राउन-पिनियन. क्रॉस अंगणात बदलता येतो. क्राउन-पिनियन बसवायला माहीतगार मिस्त्री, शिम आणि डायल गेज लागतं.

माझा साधा हिशेब असा. ३३ इंचांपर्यंतचे टायर आणि पुढे लॉकर नाही, तर कंपनीचा शाफ्ट आणि चांगला बंद क्रॉस पुरे. ३५ इंची टायर आणि पुढे लॉकर असेल तर क्रोमोली शाफ्ट घ्या. तेही शक्यतो पूर्ण गोल लॉक बसणारे, कारण सी आकाराच्या लॉकपेक्षा गोल लॉक सहजी उडत नाही. क्रॉस तोच ७६०एक्स चालेल. ३७ इंच आणि त्यापुढे गेलात तर डेना ३० वर पैसे घालत बसू नका, अ‍ॅक्सलच बदलायचा विचार करा.

नकली मालाबद्दल दोन शब्द. डब्यावरच्या नावावर जाऊ नका. क्रॉस हातात घ्या, चारही टोकं वळवून बघा, कप गुळगुळीत आणि सारख्याच घट्टपणे फिरले पाहिजेत. सील बोटाने दाबल्यावर सुटता कामा नये. क्रॉसच्या अंगावर भागाचा नंबर किंवा कारखान्याची खूण ठळक उमटलेली असावी. आणि क्रॉस नेहमी जोडीने बदला. एका बाजूचा गेलाय म्हणजे दुसऱ्याने तितकंच पाणी पाहिलेलं आहे.

तपासणी

आधी कान वापरा. हळू वेगात लयीत येणारा, चिमणीच्या चिवचिवाटासारखा आवाज म्हणजे कपातलं ग्रीस संपून सुया कोरड्या पडल्यात. वळताना येणारी कट-कट म्हणजे सुया झिजल्यात किंवा क्रॉसच्या टोकावर खाचा पडल्यात. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर बहुधा क्रॉसची नसते, ती हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगची. खड्ड्यात गेल्यावर एकदाच होणारं ठक हे बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा ट्रॅक बारचं काम असू शकतं. क्रॉसवर लगेच आळ घेऊ नका.

हे आवाज फोर बाय फोर न टाकताही येतात आणि नवख्यांना त्याचं नवल वाटतं. टीजे आणि जेकेमध्ये चाक फिरलं की शाफ्ट फिरतोच, सुटायची सोयच नाही. जेएलमध्ये पुढचा अ‍ॅक्सल सोडवणारी यंत्रणा आहे, पण ती आतला शाफ्ट मध्येच वेगळा करते. चाकाजवळचा क्रॉस तरीही चाकाबरोबर फिरत राहतो. खऱ्या अर्थाने तो थांबतो तो फक्त चाकावर लॉकिंग हब असेल आणि ते सोडलेलं असेल तर.

मग डोळे आणि हात. सपाट जागी गाडी उभी करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. ट्रान्सफर केस (टू व्हील आणि फोर व्हील बदलणारा गिअरबॉक्स) टू-हायमध्ये, म्हणजे टू व्हील ड्राइव्हमध्ये, ठेवा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापा, म्हणजे नकलच्या मागून क्रॉस दिसेल. टॉर्च मारून कपांभोवती बघा. तांबूस भुकटी दिसली तर निकाल लागला, आत गंज आहे. लॉक चारही जागच्या जागी आहेत का ते मोजा. कानाला केसाएवढी चीर नाही ना, हे चिंधीने पुसून बघा.

शेवटी एका हाताने आतला शाफ्ट धरा आणि दुसऱ्याने चाक हलकेच पुढे-मागे फिरवा. अख्खा शाफ्ट थोडा आतबाहेर सरकतो, ते चालतं. पण क्रॉसमध्येच कप आणि कान यांच्यात हालचाल दिसली तर तो गेला. मग स्टिअरिंग दुसऱ्या टोकाला कापून तेच परत. चाक हाताने फिरवताना एका ठरावीक जागी अडखळलं तर क्रॉस एका दिशेने आवळलाय. असा क्रॉस आवाज न करताही स्टिअरिंगला झटके देतो.

बदली

इथले आकडे टीजे आणि एक्सजेचे आहेत. दुसऱ्या गाडीला तिचं मॅन्युअल बघा. काम सावकाश केलं तर एका बाजूला निम्मा दिवस धरा, गंजलेली गाडी असेल तर पूर्ण.

गाडी जमिनीवर असतानाच हबच्या मधला मोठा नट सैल करा. त्याची स्प्लिट पिन काढा, ३६ मिलिमीटरचं सॉकेट आणि लांब दांडा लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा. उचललेल्या गाडीवर हा नट सोडवायला गेलात तर गाडी स्टँडवरून उतरू शकते. मग गाडी उचला, चाक काढा, कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर त्याचं वजन येऊ देऊ नका. डिस्क काढा. एबीएस असेल तर त्याची वायर सोडवा.

हब नकलला मागून तीन बोल्टनी धरलेलं असतं. हे बारा कोनांच्या डोक्याचे असतात आणि साधा सहा कोनी पाना लावला तर डोकं गोल होतं. बोल्ट निघतील, हब निघणार नाही. त्याला गंजाने नकलशी लग्न लावलेलं असतं. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट थोडे आत ठेवून त्यांच्या डोक्यावर मागून आळीपाळीने ठोका, म्हणजे हब सरळ बाहेर येईल. हबच्या फ्लॅंजवर थेट घण घातला तर बेअरिंग संपलं.

हब निघालं की शाफ्ट बाहेर ओढायचा. त्याआधी अ‍ॅक्सलच्या नळीचं तोंड चिंधीने पुसून काढा. या अ‍ॅक्सलांत तेलाचं सील आत, डिफरन्शियलजवळ असतं, बाहेर नसतं. नळीत साचलेली माती शाफ्टबरोबर आत गेली किंवा शाफ्ट काढताना सीलच्या ओठावर टेकला तर पुढच्या महिन्यात नकलमधून गिअर ऑइल ठिबकायला लागेल. शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून, मधोमध ठेवून काढा. परत घालताना तर ही काळजी दुप्पट.

आता क्रॉस. शाफ्ट व्हाइसमध्ये धरा. चारही लॉक कानांच्या आतल्या बाजूला, कपाच्या खाचेत बसलेली असतात. पंच आणि छोट्या हातोडीने ती बाहेर काढा. डोळ्यांना चष्मा लावा, लॉक उडतात. मग एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, समोरच्या बाजूला कप आत मावेल इतकं मोठं सॉकेट, दोन्ही व्हाइसच्या जबड्यात धरून आवळा. समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येतो. उलटं करून दुसरा. व्हाइस लहान असेल तर बॉल जॉइंट काढायचा सी आकाराचा प्रेस भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा. कानावर घण घालून कप काढणारे मिस्त्री आहेत आणि कपही निघतो. पण कान वाकतो आणि वाकलेल्या कानात नवा क्रॉस कधीच मोकळा फिरत नाही.

क्रॉस निघाला की कानांची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि नवा कप नुसत्या हाताने घालून बघा. तो आत जायला नको, दाब लागला पाहिजे. बोटाने सरकत आत गेला तर भोक लंबगोल झालंय आणि तो शाफ्ट भंगारात. इथे पैसे वाचवायला कपाला वेल्डिंगचे टाके मारून बसवतात, तेही पाहिलंय. त्या उष्णतेत आतलं ग्रीस आणि सील जळतं, म्हणजे नवा क्रॉस बसवतानाच मारला.

नवा क्रॉस बसवताना सगळी गंमत सुयांची आहे. कप उघडल्यावर त्या ग्रीसच्या जोरावर उभ्या असतात आणि एक जरी आडवी पडली तरी कप तळापर्यंत बसत नाही. म्हणून आधी एक कप अर्धा दाबा, क्रॉसचं टोक त्यात सरकवा, समोरचा कप लावा आणि क्रॉस मधोमध धरून दोन्ही कप हळूहळू दाबत न्या. मध्ये मध्ये क्रॉस हलवून बघा. अचानक घट्ट लागलं तर थांबा, कप काढा, सुई पडलेली सापडेल. जोर लावून पुढे नेलात तर सुई मोडेल आणि कपाला तडा जाईल.

खाच कानाच्या आत पूर्ण दिसली की लॉक घाला. लॉक तळाशी बसल्याचा टक असा आवाज येतो. नाही आला तर कप अजून थोडा आत जायचाय. चारही लॉक बसल्यावर क्रॉस बहुतेक वेळा आवळलेला असतो. शाफ्टच्या कानांवर बाहेरून पितळी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे कप लॉकला टेकून मोकळे होतात. नवा क्रॉस थोडा ताठ असतो, पण दोन्ही दिशांना सारखाच ताठ हवा. एका दिशेने ढिला आणि दुसऱ्या दिशेने अडखळता असेल तर परत उघडा.

उलट्या क्रमाने सगळं बसवा. हब आणि नकल जिथे टेकतात तिथे अँटी-सीझचा पातळ हात मारा, पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल. हबचे बोल्ट ७५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १०२ न्यूटन-मीटर. मधला मोठा नट १७५ फूट-पाउंड, म्हणजे २३७ न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क रेंचनेच. हाच नट हबच्या बेअरिंगला एकत्र धरून ठेवतो, अंदाजाने आवळायची ही जागा नाही. नवी स्प्लिट पिन घाला. चाक लावा, ब्रेक दोन-चारदा दाबून पॅड जागेवर आणा आणि मगच गाडी हलवा. थोडी गाडी चालवून चाकाचे नट पुन्हा आवळा.

पावसाळा, समुद्र आणि प्रेशर वॉशर

बंद क्रॉसला देखभाल नाही असं म्हणतात. ग्रीस भरायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. ओढ्यात गाडी चाकाच्या मधोमध बुडाली की तापलेला जॉइंट एकदम थंड होतो आणि आकसलेली हवा सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. म्हणून लांब चालवून आल्या आल्या पाण्यात उतरू नका, थोडा वेळ थांबा. कोकण-गोव्याची लाल माती वाळली की कपाभोवती लेप होऊन बसते आणि सीलचा ओठ खाते. घरी आल्यावर साध्या नळाच्या पाण्याने नकलच्या आतून धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ कपांवर मारला तर जे पाणी ओढ्याने आत घातलं नाही ते तुम्ही घालाल.

किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात आणि आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे, त्यामुळे तो सल्ला मी देत नाही. पण खाडीकाठच्या रस्त्यावरून, भरतीच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मीठ उद्यापर्यंत थांबत नाही.

निप्पलवाला क्रॉस असेल तर एनएलजीआय २ दर्जाचं लिथियम ईपी ग्रीस चांगलं. चारही सीलमधून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरा. तीनमधून आलं आणि एकामधून नाही, तर त्या टोकाला ग्रीस पोचतच नाही आणि आधी तेच जाणार. मोठ्या पाण्यानंतर डिफरन्शियलचं तेलही बघा. ते दुधाळ झालं असेल तर बदला, कारण पाणी नळीतूनही आत जातं.

चालवण्याबद्दल एकच गोष्ट. अवघड दगडावर चाक अडलं तर आधी स्टिअरिंग सरळ करा, मग ताकद द्या. वळूनच चढायचं असेल तर पुढचा लॉकर सोडून बघा. तेही जमत नसेल तर मागे घेऊन रेषा बदला. चाक दगडात रुतलेलं, स्टिअरिंग कापलेलं आणि गाडी उड्या मारायला लागली की लगेच पाय काढा. उडालेलं चाक परत जमिनीला टेकतं त्या क्षणी सगळा ताण एकदम क्रॉसवर येतो.

रानात तुटला तर

टाक असा आवाज झाला, स्टिअरिंग जड झालं किंवा अडकलं, की गाडी आहे तिथेच थांबवा. तुटलेला कान फिरता फिरता नकल आणि बॉल जॉइंटवर आपटतो आणि मग साध्या क्रॉसच्या जागी अख्खा नकल बदलावा लागतो.

लांबच्या ट्रेलवर जाताना सुटे क्रॉस नेण्यापेक्षा क्रॉस बसवून तयार केलेला अख्खा शाफ्ट न्या. चिखलात बसून सुया उभ्या करण्याची हौस कुणाला नसते. दोन बाजूंच्या शाफ्टची लांबी वेगळी असते, तेव्हा दोन्ही न्या किंवा गटात एकाच मॉडेलच्या गाड्या असतील तर वाटून घ्या. सोबत ३६ चं सॉकेट, बारा कोनी सॉकेट, लांब दांडा, एक हातोडा, जॅकखाली ठेवायची फळी आणि जाड चिंध्या.

सुटा शाफ्ट नसेल तरी गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येऊ शकते. हब काढा, तुटलेला शाफ्ट बाहेर घ्या, क्रॉसचे तुकडे काढून टाका. आतला शाफ्ट बाहेरच ठेवा, पण बाहेरचा छोटा शाफ्ट हबमध्ये परत घालून मधला नट पूर्ण आवळा. तो नसेल तर हबचं बेअरिंग सुटून चाकच निखळू शकतं. छोट्या शाफ्टचे रिकामे कान नकलच्या आत कुठे घासत नाहीत ना, ते चाक हाताने फिरवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे कापून बघा. अ‍ॅक्सलच्या नळीच्या तोंडात चिंधी घट्ट कोंबा, कारण शाफ्ट नसताना सील उघडं पडतं आणि उतारावर गिअर ऑइल बाहेर येतं. मग टू व्हील ड्राइव्हमध्ये, पुढचा लॉकर बंद ठेवून, हळू चालत या. घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल मोजा आणि कमी असेल तर भरा. नवा शाफ्ट घालण्याआधी कोंबलेली चिंधी काढायची राहून जाऊ नये, म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधून ठेवा.